‘चिकट’ : एका शब्दाच्या अर्थच्छटा आणि व्यवहार (सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : चिकट, चीक, चिकटा, चिकाटी, वाफसा, विरी, बोली, परिभाषा.

प्रस्तावना :

भाषेतील काही शब्द इतके रोजचे असतात की, त्यांचा अर्थ कोशात पाहावा असे कोणास वाटत नाही. ‘चिकट’ हा असाच एक शब्द होय. सातारा व सांगली जिल्ह्यांतील व्यवहारात गुळाचा पाक, काळ्या रानातील माती, शाळूवर पडलेली कीड, भेंडीची भाजी, पोटाचा विकार आणि खिशातून पैसा न काढणारा मनुष्य अशा परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टींसाठी हा एकच शब्द वापरला जातो. या सर्व उपयोगांच्या मुळाशी एकच अनुभव आहे. एक वस्तू दुसरीला धरते आणि सहजी सोडत नाही. मात्र हे धरणे इष्ट की अनिष्ट, याचा निवाडा शब्दात नसून व्यवहारात होतो. कुंभाराला हवा असलेला चिकटपणा नांगरणाऱ्यास नको असतो.

प्रस्तुत लेखात या शब्दाचे कूळ, त्याचे शेती व घरगुती व्यवहारातील उपयोग, मानवी स्वभावाकडे झालेला त्याचा अर्थविस्तार आणि महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा विचार केला आहे. बोलीतील ज्या शब्दांना वर्गात ‘घरगुती’ म्हणून बाजूस सारले जाते, त्यांतच पुष्कळदा शास्त्रीय भेद आधीपासून केलेले असतात, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

शब्दाचे कूळ :

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापासून (१८३१; सुधारित आवृत्ती १८५७) दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत (१९३२-३८) या शब्दकुळाची नोंद झालेली आहे. संस्कृतमधील ‘चिक्कण’ या शब्दाचा अर्थ गुळगुळीत, स्निग्ध, निसरडा असा आहे. मराठीतील ‘चिकण माती’, ‘चिकणा’ हे शब्द त्याच्याशी सरळ जुळतात. येथे प्रथमदर्शनी विरोध जाणवतो. चिकणे ते निसटते आणि चिकट ते धरते. मग दोन्ही शब्द एकमेकांच्या इतके जवळ कसे? पावसाळ्यात कृष्णाकाठच्या पाणंदीतून चालणाऱ्यास याचे उत्तर पावलोपावली मिळते. ओली चिकण माती पायाखालून घसरते आणि त्याच वेळी वहाणेच्या तळाला थर देऊन बसते. घसरणे आणि धरणे हे एकाच ओल्या मातीचे दोन गुण आहेत. चिखल हा शब्दही याच अनुभवक्षेत्रातील आहे. शिराळा तालुक्यातील चिखलीप्रमाणे त्या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळतात.

‘चीक’ हे या कुळातील महत्त्वाचे नाम होय. रुई, उंबर, वड यांच्या पानाफांदीतून पाझरतो तो चीक. व्यालेल्या गाईम्हशीचे पहिले दाट दूध म्हणजेही चीक, आणि त्यापासून खरवस होतो. भिजवून वाटलेल्या गव्हाचे गाळून घेतलेले सत्त्व म्हणजेही चीकच, आणि त्याच्या कुरडया होतात. कणसातील दाणा अजून दुधाळ असेल, तर शेतकरी ‘दाणं चिकात हायेत’ असे म्हणतो. दाणा घट्ट होण्यापूर्वीची ही अवस्था ओळखूनच पुढे हुरड्याचा दिवस धरला जातो. वनस्पती, जनावर व धान्य या तिन्ही ठिकाणी ‘चीक’ म्हणजे जिवंत वस्तूच्या आतला सारभूत द्रव होय. म्हणजे मुळात या शब्दात निंदेचा भाव नाही.

सांगली जिल्ह्याचा जत तालुका कर्नाटकाला लागून आहे आणि तेथे कन्नड घराघरांत बोलली जाते. कन्नडमध्ये चिकटपणाला ‘जिगुटु’ असा शब्द आहे. ध्वनी व अर्थ या दोन्ही दृष्टींनी तो मराठी शब्दाजवळ जातो. एवढ्यावरून व्युत्पत्तीचा निर्णय करता येत नाही. परंतु दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत हे शब्द सहज शेजारी नांदतात.

माती आणि वाफसा :

मातीचा चिकटपणा हा तिच्यातील अतिसूक्ष्म कणांचा गुण आहे. ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना मृदाशास्त्रात चिकणमाती म्हणतात. हे कण पत्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते व धरते, पाणी गेले की आक्रसते व तिला भेगा पडतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हा गुण विशेष दिसतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मातीचा चिकटपणा हा काळाचा प्रश्न असतो. पाऊस झाल्याबरोबर रानात औत घातले तर कुळवाच्या फासेला माती धरते, बैल ओढत नाहीत आणि मागे वड्या पडतात. फार उशीर केला तर ढेकळे निघतात. या दोहोंमधील योग्य अवस्थेला ‘वाफसा’ असे नेमके नाव आहे. मूठभर माती दाबून सोडली असता ती हाताला न लागता सुटी होते, तेव्हा वाफसा आला असे समजतात. मातीने अवजाराला धरणे थांबलेले असते, पण तिच्यातील ओल संपलेली नसते. चिकटपणाच्या दोन टोकांमधील हा अवघा काही दिवसांचा अवधी पेरणीचे भवितव्य ठरवतो.

याच मातीचा दुसरा अनुभव दुःखद आहे. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत पाण्याच्या अतिवापरामुळे व निचऱ्याच्या अभावामुळे पुष्कळ जमीन क्षारपड झाली. पाणी साठून राहणाऱ्या जमिनीला ‘चिबड’ म्हणतात, तर सोडियम वाढून कणरचना मोडलेल्या जमिनीला ‘चोपण’ म्हणतात. चोपण जमीन ओली असता अतिशय चिकट आणि वाळली असता दगडासारखी कठीण होते. तिला वाफसा जवळजवळ येतच नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांनंतर सांगली परिसरातील घरांच्या भिंतींवर व भांड्याकुंड्यांवर बसलेला गाळ काढताना हाच चिकटपणा लोकांनी दारात अनुभवला.

उलटपक्षी, कुंभाराचे सर्व काम या गुणावर चालते. आषाढातील महाराष्ट्रीय बेंदराला सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत मातीच्या बैलांची पूजा होते. त्या बैलांची शिंगे, वशिंड व पाय जोडून राहतात ते मातीच्या चिकटपणामुळे. परंतु कुंभारालाही अमर्याद चिकटपणा नको असतो. फार चिकट माती वाळताना तडकते, म्हणून भांडी घडविताना तीत राख अथवा घोड्याची लीद मिसळण्याची रीत आहे.

गुऱ्हाळ :

चिकटपणाचे नियंत्रण ही कला असू शकते, हे गुऱ्हाळघरात स्पष्ट दिसते. उसाचा रस काहिलीत तापू लागला की त्यात रानभेंडीचा ठेचलेल्या बुडख्यांपासून काढलेला चिकट, तारेचा रस घालतात. हा बुळबुळीत द्रव रसातील गाळसाळ स्वतःला धरून मळीच्या रूपाने वर आणतो व ती मळी काढून टाकली जाते. येथे चिकटपणाने घाण धरली आणि रस स्वच्छ झाला.

पुढे पाक आटत जातो. प्रथम काकवी, नंतर तार, नंतर गोळी अशा अवस्था गुळव्या ओळखतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली, तर काहील उतरविण्याची वेळ आली असे समजतात. या वेळी पाकाचे तापमान साधारणतः ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. परंतु गुळव्याचे मोजमाप म्हणजे त्याची बोटे होत. चिकटपणा किती, कसला आणि कितपत टिकेल, हे ती बोटे सांगतात.

तयार झालेला गूळ मात्र चिकट राहिला, तर तो दोष ठरतो. ऊस शिळा असेल किंवा क्षारपड रानातील असेल, तर रसातील साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत मोडलेला असतो किंवा क्षार अधिक असतात. असा गूळ हवेतील ओल खेचतो, ढेप मऊ पडते व पाझरू लागते. बाजारात अशा मालाला भाव कमी मिळतो. म्हणजे पाकात जो गुण तोच ढेपेत अवगुण ठरतो. आणि चोपण रानाचा चिकटपणा काही वेळा गुळापर्यंत पाठलाग करतो.

शाळूवरील ‘चिकटा’ :

माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, हे माणसाचे अन्न आणि जनावराचा चारा असे दुहेरी पीक आहे. ढगाळ हवामानात पानांवर चकचकीत, गोडसर द्रव दिसू लागला की ‘चिकटा पडला’ असे म्हणतात. पुढे त्यावर काळी बुरशी वाढते, पाने काळवंडतात आणि कडबा खराब होतो. असा कडबा जनावरे नीट खात नाहीत.

‘चिकटा’ या शब्दाने रोगाचे कारण सांगितले जात नाही, तर डोळ्यांना दिसणारा परिणाम सांगितला जातो, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. मावा किंवा तुडतुडे पानातील रस शोषून जादा साखर बाहेर टाकतात, तो हा द्रव. आंब्यावर तुडतुडे, डाळिंबावर पिठ्या ढेकूण, कपाशीवर पांढरी माशी यांच्यामुळेही असाच चिकटपणा येतो. इतकेच नव्हे, तर ज्वारी-बाजरीच्या कणसांना अरगट या बुरशीची लागण झाली असता कणसातून मधासारखा द्रव ठिबकतो. पाहणाऱ्याच्या लेखी तोही चिकटाच. परंतु किडीवरील औषध बुरशीवर चालत नाही. शेतकऱ्याने ‘चिकटा’ म्हटले आणि दुकानदाराने कीटकनाशक दिले, तर औषधाचा खर्च होतो आणि पीक जाते. अशा वेळी ‘शब्द चुकीचा आहे’ असे म्हणून भागत नाही. चिकटा पानावर आहे की कणसावर, पानाच्या मागे कीड दिसते काय, हे दोन प्रश्न विचारले की हाच शब्द निदानाची सुरुवात ठरतो.

या संदर्भात २००२ सालचा अनुभव उल्लेखनीय आहे. त्या वर्षी सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला आणि पुढे तो पश्चिम महाराष्ट्रात व शेजारच्या कर्नाटकात पसरला. पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखी कीड आणि वरच्या बाजूस चिकट थर व काळी बुरशी असे त्याचे स्वरूप होते. त्याच्या नियंत्रणासाठी डिफा व मायक्रोमस या मित्रकीटकांचा उपयोग झाला. या किडीला नाव देताना लोकांनी तिचा चिकटपणा नव्हे, तर लोकर निवडली. नाव कारणाजवळ गेल्याने ओळख सोपी झाली.

द्राक्ष व भाजीपाल्याच्या रानात आज पिवळे व निळे ‘चिकट सापळे’ लावले जातात. पिवळ्याकडे मावा व पांढरी माशी, तर निळ्याकडे फुलकिडे आकर्षित होतात. फवारणीचे औषध पानावर टिकावे म्हणून त्यात चिकट द्रव मिसळण्याची शिफारस केली जाते. चिकटा घालविण्यासाठी चिकटपणाच कामी येतो, ही व्यवहारातील गंमत होय.

स्वयंपाकघर आणि कारागिरी :

गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असल्याने ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसते. म्हणून भाकरी करणाऱ्या स्त्रिया पिठाची ‘विरी’ पाहतात. विरी म्हणजे पिठाने पिठाला धरण्याची शक्ती. दळण जुने झाले की विरी जाते व थापताना भाकरीच्या कडा फाटतात. त्यावर उपाय म्हणून आधणाचे पाणी घालून पीठ मळतात. उष्णतेने पिठातील स्टार्च फुगतो व भाकरीला धर येतो. हे ज्ञान पुस्तकात येण्यापूर्वी परातीत होते.

भाताच्या बाबतीत अभिरुचीचा भेद दिसतो. पाहुण्यांसाठी ‘मोकळा’ भात हवा असतो, तर लहान मुलासाठी मऊ व चिकट. पाटण, जावळी, शिराळा या भातपट्ट्यांत परिचित असलेला इंद्रायणी हा वाण लोणावळा येथील संशोधन केंद्राने आंबेमोहर व आयआर-८ यांच्या संकरातून काढला. त्याचा सुवास व चिकटपणा हेच त्याचे आकर्षण आहे. भेंडीच्या भाजीत मात्र तार सुटू नये म्हणून आमसूल किंवा ताक घालतात.

कारागिरीत चिकट वस्तूंना स्वतंत्र नावे आहेत. बाभळीचा डिंक, पिठाची खळ, सुतारकामातील सरस, सोनाराची लाख. पुस्तकबांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावी सुताला खळ देणे हा वेगळा उद्योग आहे. भजनी मंडळात पखवाजाच्या धुमेला भिजवलेली कणीक लावली जाते. ती चामड्याला धरून राहते म्हणून नाद खर्जात उतरतो. पूर्वी मुले भोकराच्या फळातील गराने वह्यांना कागद चिकटवीत. आज त्याची जागा चिकटपट्टीने घेतली आहे. ‘चिकटवही’ हा शब्द मात्र शाळेत टिकून आहे.

स्वभाव आणि समाज :

वस्तूचा गुण माणसाला लावला की त्यात नीतीचा प्रश्न येतो. ‘चिकट’ माणूस म्हणजे पैसा न सोडणारा; त्यालाच विनोदाने ‘चिक्कू’ म्हणतात. ‘खुर्चीला चिकटला’ म्हणजे अधिकार सोडवत नाही. ‘हाताला पैसे चिकटले’ म्हणजे अपहार झाला. गुळाला मुंगळे चिकटतात ते स्वार्थाने. याउलट ‘नोकरीला चिकटला’ यात सुटकेचा निःश्वास असतो, आणि ‘कामाला चिकटून असतो’ यात प्रशंसा. टोपणनाव चिकटते, आरोप चिकटतो, आजार चिकटतो. या उपयोगांत धरणारी वस्तू माणसाच्या इच्छेबाहेरची असते. ‘चिवट’ हा शब्द मात्र वेगळा. जे ताणले तरी तुटत नाही ते चिवट. म्हणून झुंज चिवट असते, चिकट नसते.

या कुळातील ‘चिकाटी’ हा शब्द निखळ स्तुतीचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे मुख्यालय साताऱ्यास आणले. ‘कमवा व शिका’ हे तत्त्व त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. या न सोडण्यास आपण चिकाटी म्हणतो. क्रिया तीच, धरून राहण्याची. परंतु स्वतःसाठी धरले तर चिकटपणा आणि ध्येयासाठी धरले तर चिकाटी, असा निवाडा भाषेने करून ठेवला आहे.

हा निवाडा नेहमीच निष्पक्ष असतो असे नाही. घरखर्चातून चार पैसे मागे टाकणारी सासू ‘काटकसरी’ आणि तेच करणारी सून ‘चिकट’ ठरते. शब्द कोणाला लागला यापेक्षा तो कोणी लावला, हे अशा वेळी अधिक बोलके असते.

देहाच्या संदर्भात या शब्दाला आणखी एक गंभीर अर्थ आहे. ‘पोरगं चिकट करतंय’ असे आई सांगते तेव्हा तिला शौचावाटे पडणारी आव अभिप्रेत असते. शहरात वाढलेल्या नव्या डॉक्टरला हा अर्थ ठाऊक नसेल, तर महत्त्वाचे लक्षण त्याच्या कानावरून निघून जाते.

वर्गातील ‘चिकट’ :

भौतिकशास्त्रात आसंजन, संसंजन व श्यानता अशा तीन संज्ञा शिकविल्या जातात. भिन्न पदार्थांच्या कणांमधील आकर्षण ते आसंजन, एकाच पदार्थाच्या कणांमधील आकर्षण ते संसंजन आणि द्रवाच्या वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध ती श्यानता. मराठीत अशी शास्त्रीय परिभाषा रुळविण्याचे मोठे कार्य सातारा जिल्ह्यातील वाई येथून, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने केले. या परिभाषेची नेमकेपणासाठी गरज आहेच. परंतु ती वर्गात अचानक येते, तेव्हा विद्यार्थी तीन व्याख्या पाठ करतो व परीक्षेत त्यांची अदलाबदल करतो.

वास्तविक हे तिन्ही भेद त्याच्या घरी आधीच झालेले आहेत. पीठ हाताला लागते ते ‘चिकट’. येथे आसंजन आहे. पीठ पिठाला धरते ती ‘विरी’. येथे संसंजन आहे. काकवी सावकाश ओघळते ती ‘दाट’ असते म्हणून. येथे श्यानता आहे. एरंडेल दाट असते, पण त्याला कोणी चिकट म्हणत नाही. ते ‘ओशट’ असते. पातळ खळ दाट नसूनही चिकटते. वाफसा आलेली माती अवजाराला धरत नाही, पण मुठीत क्षणभर एकत्र राहते. या उदाहरणांपासून प्रारंभ केल्यास संज्ञा नव्या राहतात, पण कल्पना परकी राहत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘चिकट’ या शब्दाचे सर्व अर्थ ‘धरणे व न सोडणे’ या एका अनुभवातून विस्तारले आहेत. त्यांचे इष्टत्व वस्तू, वेळ व बोलणारा यांवर अवलंबून असते.

२. शेतकरी, गुळव्या, कुंभार व गृहिणी यांच्या व्यवहारात चिकटपणाचे सूक्ष्म भेद आहेत. वाफसा, विरी, तार, गोळी, चोपण हे शब्द त्या भेदांची नावे होत.

३. ‘चिकटा’ किंवा ‘चिकट करणे’ यांसारखे लक्षणवाचक शब्द कृषी व वैद्यक क्षेत्रातील पदवीधरांस ठाऊक असणे आवश्यक आहे; त्यांच्या अज्ञानाची किंमत पीक व प्रकृती यांना मोजावी लागते.

४. परिभाषेचे अध्यापन बोलीतील शब्दांवरून करणे शक्य व उपयुक्त आहे.

गुऱ्हाळे कमी होत आहेत, भाकरीचे पीठ पिशवीत विकत मिळू लागले आहे आणि ट्रॅक्टरमुळे वाफशाची वाट पाहणेही कमी झाले आहे. काम गेले की त्या कामाचे शब्द फार काळ मागे राहत नाहीत. मराठी, विज्ञान व कृषी या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावच्या अशा शब्दांची अर्थासह नोंद करून घेतली, तर तो एक उपयुक्त प्रकल्प होईल. त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. एक वही पुरेशी आहे, आणि विचारण्याची चिकाटी.